पोमेरानी म्हणजे बिघडलेलं जर्मन नव्हे: ब्राझीलला निघालेल्या एका इंजिनिअरला उत्तर

प्रश्न असा आला आहे. सांगलीकडचे एक तरुण इंजिनिअर अंड्यांच्या पोल्ट्रीसाठी पिंजरे आणि खाद्याच्या यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत आहेत. कंपनी त्यांना काही महिन्यांसाठी ब्राझीलमधल्या एस्पिरितू सांतू राज्यात, सांता मारिया दि जेतिबा नावाच्या डोंगरातल्या गावी पाठवते आहे. पुण्यात त्यांनी जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, केलंय. ‘या गावात जर्मन बोलतात’ हे वाचून ते खूश झाले, तिथल्या लोकांचे व्हिडिओ लावून बसले आणि एकही वाक्य धड कळेना. म्हणून विचारतात: हे बिघडलेलं जर्मन आहे का? माझं जर्मन तिथं चालेल का? ही मंडळी महायुद्धानंतर पळून गेलेले नाझी तर नाहीत ना? आणि दीडशे वर्षं ही भाषा टिकली कशी, पुढे टिकेल का?

मी बोलीभाषांच्या ध्वनिमुद्रणाचं आणि नोंदींचं काम करतो. त्या डोंगरांत बऱ्यापैकी राहिलोय. त्यामुळे उत्तर लांबणार, त्याला इलाज नाही.

नाझींचा विषय आधी उरकून टाकू. युद्धानंतर काही नाझी गुन्हेगार दक्षिण अमेरिकेत लपले हे खरं आहे. ऑशविट्झ छळछावणीतला डॉक्टर मेंगेले तर ब्राझीलमध्येच १९७९ साली मेला. पण तुम्ही ज्या लोकांकडे निघालात त्यांचे पूर्वज एस्पिरितू सांतूमध्ये उतरू लागले १८५९ साली, म्हणजे हिटलरच्या जन्माच्या तीस वर्षं आधी. हे शेतमजूर होते, तेही अगदी तळातले. तिथं कुणालाही गमतीनंसुद्धा हा प्रश्न विचारू नका. या एका गैरसमजापायी त्यांच्या आजी-आजोबांनी काय भोगलं ते पुढे सांगतो.

आता ते आले कुठून? पॉमेरेनियन म्हटलं की आपल्याकडे झुबकेदार केसांचं छोटं कुत्रं डोळ्यांसमोर येतं. त्या कुत्र्याला नाव मिळालं तो प्रदेश म्हणजे पोमेरानिया, बाल्टिक समुद्राची दक्षिण किनारपट्टी. एकोणिसाव्या शतकात तो प्रशियाच्या राज्यात होता. आज त्याचा मोठा भाग पोलंडमध्ये आणि पश्चिमेकडची पट्टी जर्मनीत आहे. सपाट जमीन, राय नावाचं धान्य आणि बटाटा ही पिकं, आणि जमिनी बड्या जमीनदारांच्या. प्रशियानं १८०७ मध्ये भूदासपणा कायद्यानं संपवला. पण त्यानंतरच्या नियमांत मोकळीक मिळवायची तर जमिनीचा हिस्सा मालकाला सोडावा लागे. शेतकरी मोकळा झाला आणि भूमिहीनही झाला. दोन पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबल्यावर ‘तिकडे जंगलात स्वतःची जमीन मिळते’ हे दलालाच्या तोंडचं वाक्य कानावर पडलं, तर माणूस काय करील?

इथं एक गंमत आहे. साओ पाउलोच्या कॉफीमळ्यांवर जर्मन मजुरांचे हाल होतात अशा तक्रारी आल्यावर प्रशियानं १८५९ मध्येच ब्राझीलसाठी माणसं गोळा करणाऱ्या दलालांचे परवाने काढून घेतले. म्हणजे पोमेरानी लोकांची मोठी लाट, जी १८७० च्या आगेमागे आली, ती या बंदीनंतरची. बंदी भरतीवर होती. निघून जाणाऱ्याला धरून ठेवणं कुणाला जमलं नाही. ब्राझीलच्या सम्राटालाही ते हवेच होते. गुलामांची आयात १८५० मध्ये बंद झाली होती, आणि डोंगरातली जंगलं तोडून अन्नधान्य पिकवणारे छोटे शेतकरी सरकारला बसवायचे होते. ते रान रिकामं नव्हतं. तिथल्या मूळ रहिवाशांना, ज्यांना पोर्तुगीज ‘बोतोकुदो’ म्हणत, मागे रेटत ही वसाहत पुढे सरकली. गावच्या सोहळ्यांतल्या भाषणांत हे सहसा येत नाही, म्हणून मी सांगून ठेवतो.

व्हितोरिया या बंदरातून नदीनं आत आलं की सांता लेओपोल्दिना लागतं. वसाहत तिथून सुरू झाली आणि वर डोंगरात पसरली. सांता मारिया दि जेतिबा हा तिचाच वरचा भाग. वेगळी नगरपालिका झाली ती १९८८ साली. सांता लेओपोल्दिनाच्या आसपासच्या वाड्यांची नावं बघा: स्वीसा, तिरोल, लुक्झेंबुर्गो, होलांदा. ज्या देशातून किंवा मुलखातून माणसं आली त्याचं नाव वाडीला. याच राज्यात डोमिंगोस मार्तिन्सकडे १८४७ मध्ये ऱ्हाइनकाठच्या हुन्सऱ्युक भागातले लोक आले होते, त्यांची बोली आणखी निराळी. तेव्हा ‘तिथं जर्मन लोक गेले’ हे वाक्यच ढोबळ आहे. गेले ते एकमेकांचं बोलणं नीट न कळणारे वेगवेगळ्या मुलखांतले लोक. ब्राझीलच्या सरकारनं त्या सगळ्यांना एकच नाव दिलं, अलेमांव, म्हणजे जर्मन.

तुम्हाला व्हिडिओ कळले नाहीत याचं कारण आता सांगतो. तुम्ही पुण्यात शिकलात ती प्रमाण जर्मन, ‘होखडॉइच’. तिचा पाया दक्षिणेकडच्या उंच मुलखातल्या बोलींत आहे. दीड हजार वर्षांपूर्वीपासून त्या बोलींत काही व्यंजनं बदलत गेली: ट चा स किंवा त्स झाला, क चा ख झाला, प चा फ झाला. उत्तरेकडच्या सखल मुलखात हा बदल पोचलाच नाही. पोमेरानी ही त्या उत्तरेकडची, ‘सखल जर्मन’ कुटुंबातली भाषा. तुम्ही पाण्याला ‘वासर’ म्हणता, ते ‘वॉटर’ म्हणतात. तुमचं ‘इश’ म्हणजे त्यांचं ‘इक’, तुमचा ‘त्साइट’ म्हणजे त्यांचा ‘टीट’, घर ‘हाउस’ नव्हे तर ‘हूस’. करणे या क्रियापदाचं तुमचं रूप ‘माखन’, त्यांचं ‘मॉका’. शेवटचा न गळून पडणं ही पूर्व पोमेरानियाची खास खूण. म्हणजे काही बिघडलेलं नाही. उलट जे बदललं ते तुमचं जर्मन. कान तयार करताना इंग्रजीचा आधार घ्या, बरेच शब्द जर्मनपेक्षा इंग्रजीतून लवकर ओळखू येतील.

अर्थात दीडशे वर्षांत पोर्तुगीज शब्द आत आले, ते यायचेच. बाल्टिककाठी मका पिकत नव्हता. इथं आल्यावर राय पिकेना, तेव्हा बायकांनी मक्याच्या पिठात किसलेला कंद, रताळं, कसावा घालून पाव भाजायला सुरुवात केली. पीठ केळीच्या पानावर थापायचं आणि लाकडं जाळून तापवलेल्या मातीच्या किंवा विटांच्या भट्टीत सरकवायचं. हाच तिथला ‘ब्रोट’. मक्यासाठीचा पोर्तुगीज शब्द आणि पावासाठीचा जर्मन शब्द जोडून त्याचं पूर्ण नाव झालं. बाहेरून कडक, आत ओलसर, जड, किंचित गोड. सकाळच्या कॉफीबरोबर दोन तुकडे खाल्ले तर दुपारपर्यंत भूक लागत नाही. तुमच्या साइटवर कुणी घरून डबा आणत असेल तर मागून खा, हॉटेलात तसा मिळत नाही.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. तिथं एक भाषा नाही, तीन आहेत, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. घरात, शेतात, कोंबड्यांच्या शेडमध्ये, लग्नात पोमेरानी. सरकारी कचेरी, बँक, दवाखाना, शाळा इथं पोर्तुगीज. आणि देवळात, म्हणजे ल्यूथरपंथी चर्चमध्ये, होखडॉइच; पूर्वी सगळं तिच्यात, आता मुख्यतः भजनं. पाद्री जर्मनीतून यायचे, बायबल ल्यूथरच्या भाषेतलं, भजनं त्याच भाषेत. पाद्र्याच्या शाळेत मुलं लिहा-वाचायला शिकायची तीही होखडॉइचमधून. पोमेरानी कुणी लिहीत नसे, लिहायची असते हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. कित्येक जुन्या पाद्र्यांना तर ती गावंढळ वाटे. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांशी तुम्ही जर्मनमध्ये बोललात तर एक मजेशीर गोष्ट घडेल. ती सावरून बसतील, आवाज बदलेल, आणि स्तोत्रात शोभतील अशा शब्दांत उत्तर देतील. तुमच्या बी-वनच्या पुस्तकातला रेल्वे स्टेशनवरचा संवाद त्यांच्या कामाचा नाही, कारण त्यांनी ही भाषा रेल्वे स्टेशनवर कधी वापरलेलीच नाही. मी एका आजींना होखडॉइचमध्ये ‘कोंबड्यांना खायला काय घालता’ असं विचारलं. त्यांनी प्रश्न समजून घेतला, मान डोलावली आणि उत्तर पोमेरानीतून दिलं. कोंबड्यांचा विषय देवाच्या भाषेत निघतच नाही.

म्हणून ‘माझं जर्मन चालेल का’ याचं खरं उत्तर: साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांशी थोडंफार, रविवारी जास्त, शेडमध्ये जवळपास नाही.

टिकली कशी, या प्रश्नावर बहुतेक लेखांत ‘पूर्वजांच्या संस्कृतीचा अभिमान’ असं छापील उत्तर असतं. मला ते पटत नाही. अभिमान हा अलीकडचा, सणावारी निळा-पांढरा झेंडा लावण्याच्या काळातला. भाषा टिकली ती जमिनीच्या वाटपामुळे. वसाहतीत प्रत्येक कुटुंबाला सलग तुकडा मिळे. आकार काळानुसार बदलत गेला, पण पंचवीस-तीस हेक्टर हे मान नेहमीचं. घर आपल्याच तुकड्यात, ओढ्याच्या कडेला. आपल्यासारखं गावठाण नाही, पार नाही, चावडी नाही. शेजाऱ्याचं घर पुढच्या टेकडीच्या पलीकडे. कॉफी खेचरांवर लादून खाली नदीच्या बंदरात न्यायची, तिथं व्यापाऱ्याच्या दुकानात मीठ, कापड, रॉकेल घ्यायचं आणि परत वर. पोर्तुगीजची गाठ पडायची ती त्या दुकानात, तीही बापाला. आई आणि आठ-दहा मुलं यांचं सगळं जग पोमेरानीत. मुलं मोठी झाली की तुकडा पुरेना, मग एक मुलगा मागे राही आणि बाकीचे नवं रान शोधत उत्तरेकडे निघत: विसाव्या शतकात दोसी नदीच्या पलीकडे पांकास, व्हिला पाव्हांवकडे, आणि १९७० च्या सुमारास थेट ॲमेझॉनच्या कडेच्या रोंदोनियात. जात ते नात्यागोत्यानं, चार घरं मिळून. भाषा बरोबर जाई.

दुसरं कारण संख्या. वर ज्या स्वीस, डच, तिरोली वाड्या सांगितल्या, त्यांतल्या अनेकांची मूळ बोली विरून गेली. होलांदा वाडीत नेदरलँड्सच्या झेलांड प्रांतातली बोली जेमतेम काही म्हाताऱ्यांपुरती उरल्याच्या नोंदी झाल्या. ही माणसं पोर्तुगीजकडे गेली, आणि बरीचशी पोमेरानीकडे, कारण शेजार, चर्च आणि सोयरीक तिकडचीच. या डोंगरांत अस्खलित पोमेरानी बोलणारे काळे शेतकरीही भेटतात; शेजारात वाढले, शिकले. तेव्हा चेहऱ्यावरून भाषा ठरवू नका, फसाल.

आणि तिसरं कारण जरा उफराटं आहे. ब्राझीलचा तेव्हाचा हुकूमशहा गेतुलियो व्हार्गास याच्या राजवटीनं १९३८ पासून ‘राष्ट्रीयीकरणा’ची मोहीम काढली. ग्रामीण शाळांत शिकवणं फक्त पोर्तुगीजमधून, शिक्षक जन्मानं ब्राझिलियन हवा. पुढच्या वर्षी आणखी कडक हुकूम: सरकारी जागेत, सैन्यात परकी भाषा नको, प्रवचनही पोर्तुगीजमध्ये. ऑगस्ट १९४२ मध्ये ब्राझीलनं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि ज्यांनी जर्मनी कधी पाहिलीच नव्हती ते शेतकरी शत्रूचे हस्तक ठरले. घरांच्या झडत्या झाल्या. बायबलं आणि भजनांची पुस्तकं लोकांनी जमिनीत पुरली, हे तुम्हाला दहापैकी आठ घरांत ऐकायला मिळेल. बाजारात तोंड उघडायची भीती, कारण पोर्तुगीज येत नाही आणि दुसरं बोललं तर शिपाई धरणार.

या मोहिमेनं मोडली ती होखडॉइच. शाळा बंद झाली, पुस्तकं गेली, पाद्री गप्प झाला. ज्या भाषेला शाळा, पुस्तक आणि पाद्री लागतात तिला दुसरा आधारच नव्हता. पुढच्या पिढीत वाचणारे फारच थोडे उरले. पोमेरानीला यातलं काहीच लागत नव्हतं. ती शाळेत नव्हतीच, तेव्हा शाळेतून काढणार कुठून? स्वयंपाकघरात आणि कॉफीच्या ओळींत शिपाई पोचत नव्हता. ज्या भाषेला पाद्री हलकी समजत होते तीच मागे राहिली, हा माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. गावातल्या संग्रहालयात तो तुम्हाला कुणी दाखवणार नाही, कारण तिथं जुनं बायबलच काचेत ठेवलेलं असतं.

मुलांना मात्र शिक्षा नंतरही बरीच वर्षं होत राहिली. पोमेरानी मुलगा पोर्तुगीज बोलताना दोन प्रकारचे र वेगळे काढू शकत नाही. पोर्तुगीजमध्ये त्यावरून अर्थ बदलतो; गाडीचा शब्द उच्चारायला जावं आणि ‘महाग’ असा निघावा, की वर्ग हसलाच. आज पन्नाशीत असलेल्या कुणालाही विचारा, हे हसणं त्यांना आठवतं. पोरांशी फक्त पोर्तुगीजच बोलायचं, असं त्यातल्या अनेकांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

इकडे हे चालू असताना तिकडे मूळ गावच नाहीसं झालं. १९४५ मध्ये पूर्व पोमेरानिया पोलंडकडे गेला आणि तिथल्या जर्मन रहिवाशांना घालवून देण्यात आलं. कोलबेर्गचं कोवोब्झेग झालं, स्टेटिनचं श्चेचिन. निर्वासित जर्मनीभर विखुरले, त्यांची मुलं जिथं पोचली तिथली भाषा बोलू लागली. आज पूर्व पोमेरानीत घरात भांडणारं, मुलांना रागावणारं कुटुंब युरोपात शोधून सापडणं कठीण, आणि सांता मारियाच्या आसपासच्या वाड्यांवर ते रोजचं आहे. म्हणून जर्मन विद्यापीठांतले भाषातज्ज्ञ रेकॉर्डर घेऊन तिथं जातात. तंजावरच्या मराठी माणसाला निदान महाराष्ट्र आहे; यांना मागे वळून बघायला काही नाही.

एक लग्न मात्र जरूर गाठा. आमंत्रण द्यायला ‘होखटीट्सबिरर’ येतो, बहुतेक वेळा नवरीचा भाऊ. पूर्वी घोड्यावरून, आता मोटरसायकलवरून. हातात रंगीत फिती बांधलेली दारूची बाटली. दारात उभा राहून तो यमकातलं लांबलचक आमंत्रण पोमेरानीत म्हणतो: या, जेवा, प्या, नाचा, काय काय शिजणार आहे, पायताणं झिजेपर्यंत कसं नाचायचं आहे. घरचा माणूस एक घोट घेतो आणि एक फीत किंवा नोट त्याला टाचतो. दिवस सरत जातो तसा तो फितींनी भरतो आणि घोटांनी डुलायला लागतो. लग्न पूर्वी तीन दिवस चाले. लग्नाच्या आदल्या रात्री ताटल्या फोडतात. मी पाहिलं त्या ठिकाणी एक वयस्क बाई मधोमध उभ्या राहिल्या, हातात चिनी मातीची जुनी ताटली, आणि जोडप्याला उद्देशून एका दमात काहीबाही म्हणत गेल्या: संसार, भांडणं, पोरं, थोडं चावट, थोडं गंभीर. शेवटच्या शब्दाला ताटली खाली. मग सगळ्यांनी आणलेल्या ताटल्या, वाट्या, बश्या एकापाठोपाठ एक जमिनीवर, आणि कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरून वाजवायची भात्याची पेटी, सुरू होताच त्या काचांवरच बूट घालून नाच. नवरा-नवरी झाडू घेऊन तुकडे गोळा करू पाहतात आणि पोरंसोरं ढीग पुन्हा लाथेनं उडवतात. माझं रेकॉर्डिंग निम्मं त्या खळखळाटात गेलं, पण बाईंचं बोलणं स्वच्छ आलं. अख्ख्या रात्रीत पोर्तुगीज ऐकू आली ती फक्त भाड्यानं आणलेल्या ध्वनियंत्रणेवाल्याच्या तोंडून.

जुन्या फोटोंत नवरी काळ्या पोशाखात दिसेल. जमीनदार पहिल्या रात्रीचा हक्क सांगे, त्याचा निषेध म्हणून काळा, असं तुम्हाला कुणी ना कुणी रंगवून सांगेल. ऐकून घ्या, विश्वास ठेवू नका. उत्तर युरोपच्या खेड्यांत तेव्हा चांगला पोशाख काळाच असे. लग्नाला शिवलेला तोच पुढे चर्चला आणि मयतीला चाले. गरिबाचा हिशोब आहे हा.

आता आजची स्थिती. इथं भाषेची चळवळ उभी राहिली त्यात जमिनीचा वाटा मोठा आहे. २००२ च्या अखेरीस पांकास भागातल्या त्या प्रचंड खडकाळ सुळक्यांभोवती राष्ट्रीय उद्यान घोषित झालं. उद्यान म्हणजे आत वस्ती नको. आत पोमेरानी शेतकरी कुटुंबं होती, पिढ्यान्‌पिढ्या कसणारी. त्यांनी सांगितलं की आम्ही या जंगलाबरोबर जगणारा पारंपरिक समाज आहोत, आमची भाषा आहे, रीत आहे. पुढे केंद्र सरकारच्या पारंपरिक समाजांसाठीच्या आयोगात आदिवासी आणि किलोंबोला, म्हणजे पळालेल्या गुलामांच्या वंशजांच्या, समाजांबरोबर पोमेरानींनाही जागा मिळाली, आणि २००८ मध्ये कायद्यानं त्या उद्यानाचा दर्जा बदलून ‘नैसर्गिक स्मारक’ केला, ज्यात खासगी जमीन राहू शकते. याच काळात पांकासनं २००७ मध्ये आणि सांता मारिया दि जेतिबानं २००९ मध्ये पोमेरानीला पोर्तुगीजबरोबरीनं नगरपालिकेची भाषा केलं. पुस्तकी मंडळी या दोन गोष्टी वेगळ्या लिहितात. गावात त्या एकच आहेत.

लिहायची सोय झाली ती इस्मायेल ट्रेसमन या तिथल्याच भाषाशास्त्रज्ञामुळे. त्यांनी पोमेरानीसाठी लेखनपद्धती बसवली आणि २००६ मध्ये मोठा पोमेरानी-पोर्तुगीज शब्दकोश काढला. त्याच सुमारास नगरपालिकांच्या शाळांत पोमेरानी शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. लेखनपद्धतीवरून वाद आहेत. जुनी होखडॉइच वाचता येणाऱ्यांना ती विचित्र वाटते, त्यांना जर्मन वळणाचं लेखन हवं. मला ट्रेसमन यांची बाजू बरोबर वाटते: होखडॉइचसारखं लिहिलं की पोमेरानी पुन्हा तिची अशुद्ध नक्कल दिसू लागते. पण खरं सांगायचं तर पाच वर्षांच्या पोराला आई कोणत्या भाषेत जेवायला हाक मारते, त्यापुढे हा वाद किरकोळ आहे. वाड्यांवर अजून पोमेरानीत हाक मारतात. गावाच्या मध्यवस्तीत, दुकानांच्या वर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घरांत पोर्तुगीज वाढते आहे, आणि फोन सगळ्यांकडे पोर्तुगीजमध्येच बोलतो.

कायद्यानं नगरपालिकेच्या खिडकीवर पोमेरानीत काम व्हायला हवं. होतं कसं ते मी बघितलंय. म्हातारा पोमेरानीत विचारतो, खिडकीमागची मुलगी त्याच्याच वाडीची असल्यानं पोमेरानीत समजावते, आणि मग पोर्तुगीज अर्ज पुढे सरकवते. त्यात वाईट काही नाही. पण ती मुलगी बदलून गेली तर काय, याचं उत्तर कायद्यात नसतं. दवाखान्यात ही अडचण जास्त बोचते. गोऱ्या कातडीची माणसं उष्ण कटिबंधातल्या उन्हात आयुष्यभर राबल्यानं इथं त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे. राज्याच्या विद्यापीठातले डॉक्टर चर्चच्या मदतीनं गावोगाव तपासण्या करतात, तेव्हा म्हातारीचं म्हणणं डॉक्टरपर्यंत पोचवायला नात किंवा चर्चचं माणूस लागतं.

तुमच्या व्यवसायापुरतं: हा ब्राझीलमधला सर्वाधिक अंडी देणारा तालुका आहे. १९६४ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, तिथून कोंबडीपालन वाढत गेलं. बरोबरीनं भाजी, कॉफी आणि आलं. त्यामुळे शेडचा मालक लखपती आणि बोलणं वाडीवरचं, असं जागोजागी दिसेल. मालक तुमच्याशी पोर्तुगीज बोलेल, कामगाराकडे वळून पोमेरानीत काहीतरी म्हणेल आणि पुन्हा तुमच्याकडे वळेल. ते तुमच्याविषयी काही वाईट बोलतायत असं मनात आणू नका. बहुतेक वेळा ‘पंखा बंद कर’ एवढंच असतं.

स्वतःची ओळख करून देताना ‘मला थोडं जर्मन येतं’ असं म्हणा, पण लगेच ‘पोमेरानी मात्र येत नाही, शिकवाल का’ हे जोडा. या एका वाक्यानं दारं उघडतात, कारण आजवर बाहेरून आलेला प्रत्येक जर्मन जाणकार त्यांचं बोलणं दुरुस्त करायला बघत आला आहे. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, विशेषतः म्हाताऱ्यांना. लपवाछपवीचे दिवस त्यांनी पाहिलेत. मे महिन्यात तिथं असाल तर गावाच्या वर्धापनदिनाच्या सुमारास ‘फेस्ता पोमेराना’ असते, मिरवणूक, नाच, पोशाख. बघा, मजा येते, पण तिथली भाषा माइकवरची. खरी ऐकायची तर रविवारी चर्च सुटल्यावर पटांगणात थांबा. आत ट्रॉम्बोनचा ताफा होखडॉइच भजन वाजवून गप्प झालेला असतो, पाद्र्यानं प्रवचन पोर्तुगीजमध्ये केलेलं असतं, आणि बाहेर पायरी उतरताच भाव, पाऊस, कोंबड्यांचे रोग यांवर पोमेरानीत चर्चा सुरू होते.

निघायला अजून तीन-चार महिने असतील तर जर्मनच्या बी-टूच्या परीक्षेचा नाद सोडा आणि पोर्तुगीजचा क्लास लावा, ब्राझिलियन पद्धतीचा. लिस्बनच्या उच्चारांनी तिथं गोंधळ होईल. फी कंपनीकडून मागून घ्या, काम त्यांचंच आहे.